बहुधा लायपेज

अक्षदा उतेकर महाडच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. नऊ वर्षं झाली, पण तिच्या नावापुढे अजून 'तासिका तत्त्वावर' हेच लागतं. म्हणजे जितके तास घेतले तितकीच ती प्राध्यापिका. मे महिन्याची सुट्टी लागली की कुणीच नाही. गाव म्हणजे वरंधच्या अलीकडच्या डोंगरातली एक वाडी. सकाळची एसटी सव्वासहाची, ती चुकली की आठचा तास बुडाला आणि मग दिवसभर प्राचार्यांचं तोंड बघायचं. यात नवल असं काही नाही. अशा मुली कोकणातल्या कुठल्याही कॉलेजात दोन-तीन सापडतील. अक्षदाचं सांगण्यासारखं झालं ते एका शब्दापायी, आणि शब्दही किती साधा! 'बहुधा.'

महाडजवळच्या सव गावात गरम पाण्याचं कुंड आहे, त्यावर लोक सांधे शेकायला आणि खरूज घालवायला जातात. अक्षदा सात वर्षांपूर्वी तिथं गेली ती निर्जंतुक बाटली घेऊन. कुंडावर बसलेल्या एका म्हातारीनं विचारलंही, "एवढ्याशा बाटलीत कुनाला न्हाऊ घालनार गो?" अक्षदा हसली, बाटली भरली आणि एसटीला लागली. त्या पाण्यातून तिनं एक जिवाणू वाढवला. पुण्यात त्याची सगळी जनुकं वाचून घेतली. प्रत्येक जनुकापुढे, ते कुठलं प्रोटीन बनवतं आणि ते प्रोटीन काय काम करतं, ते लिहून आलं. पण जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यापुढे एकच शेरा होता: कार्य अज्ञात. म्हणजे माणूस घरात राहतो, दोन वेळा जेवतो, पण करतो काय ते घरात कुणाला विचारायची सोय नाही. त्यातलंच एक प्रोटीन अक्षदानं पीएचडीला निवडलं.

तिच्या मार्गदर्शक पुण्याच्या डॉ. आम्रपाली. मूळच्या महाडच्याच, त्यामुळे बोलणं रोखठोक. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "हे बघ, प्रोटीन म्हणजे एक लांब दोरा. तो गुंडाळून त्याचा एक ठरावीक आकार होतो, आणि काम आकारात असतं. आकार दिसला तर कामाचा अंदाज करता येतो. पण अंदाज तो अंदाज. एवढं लक्षात ठेवलंस तर बाकीचं मी शिकवीन."

आकार बघायचा तर आधी प्रोटीनचे स्फटिक पाडावे लागतात, मग त्यावर क्ष-किरण सोडायचे, आणि ते जसे विखुरतात त्यावरून कॉम्प्युटरनं एकेक अणू कुठे बसलाय ते काढायचं. ऐकायला सोपं आहे. अक्षदाचे चौदा महिने नुसते स्फटिक पाडण्यात गेले. शनिवारी तास संपले की वरंध घाटानं भोरमार्गे पुणे, रविवारी रात्री परत. तीनदा सुंदर, काचेसारखे स्फटिक मिळाले, आणि तिन्ही वेळा ते निघाले साध्या मिठाचे. चौथ्या वेळी तिनं कुणाला सांगितलंच नाही, आणि नेमके ते खरे निघाले.

आकार दिसला तेव्हा मात्र सगळ्यांना हायसं वाटलं. कॉम्प्युटरनं तो जगभरच्या माहितीतल्या आकारांशी ताडून बघितला आणि झटक्यात उत्तर दिलं: हे लायपेजसारखं दिसतंय. लायपेज म्हणजे चरबी तोडणारं एन्झाइम. कपड्याच्या पावडरीत घालतात, तेलाचे डाग काढायला. गरम पाण्यातल्या जिवाणूचं लायपेज म्हणजे उकळत्या बादलीतही टिकणार, असं जो तो बोलायला लागला.

आता खरं सांगायचं तर दोन गोष्टी तेव्हाही खटकण्यासारख्या होत्या. चरबी तोडायला लायपेजच्या घराण्यात तीन अमिनो आम्लं एकमेकांशेजारी बसलेली लागतात. अक्षदाच्या प्रोटीनमध्ये दोन जागेवर होती आणि तिसरं, हिस्टिडीन, जरा लांब. तिनं मनाशी ठरवून टाकलं की वेळ आली की ते वळून जवळ येत असणार. दुसरं म्हणजे खोबणीत आधीच काहीतरी बसलेलं होतं, लांबट, शेपटीसारखं. स्फटिक पाडायला जे रसायन घातलं होतं त्याचाच तुकडा असेल म्हणून ती तसं लिहून मोकळी झाली. आपल्याला जे हवं असतं त्याला आपण पाट मांडतो आणि नको त्याला दारात उभं ठेवतो. अक्षदा काही निराळ्या मातीची नव्हती.

शिवाय तिनं चाचणीही केली होती ना! महाडच्या प्रयोगशाळेत. एक बिनरंगी पदार्थ घ्यायचा. तो तुटला की द्रावण पिवळं होतं. कुंडाचं पाणी गरम म्हणून चाचणीही गरम पाण्यात करायची. कॉलेजात वॉटरबाथ एकच, आणि त्याला भोकं सहा. सहा नळ्या प्रोटीनच्या झाल्या. सातवी, जिच्यात प्रोटीन घालायचंच नसतं, ती 'ब्लँक' नळी, राहिली बाहेर स्टँडवर. इथं सगळेच तसं करतात. विद्यार्थ्यांचं प्रात्यक्षिकही तसंच होतं. सहाच्या सहा नळ्या पिवळ्या झाल्या, बाहेरची बिनरंगी ती बिनरंगीच. अक्षदानं फोटो काढून मॅडमना पाठवला. मॅडमचं उत्तर आलं, "छान."

एका परिषदेत तिनं हे वाचून दाखवलं आणि तिथून बातमी सुटली. तिचा भाऊ राजेश मुंबईत कुरियरच्या ऑफिसात आहे. त्यानं ती गावच्या मुंबई मंडळाच्या ग्रुपवर टाकली. आठ दिवसांत वरंधच्या फाट्यावर फ्लेक्स लागला. 'पंचक्रोशीची सुकन्या कु. अक्षदा कोंडाजी उतेकर, चरबी कापणाऱ्या एन्झाइमचा शोध लावल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' खाली मंडळाच्या अकरा पदाधिकाऱ्यांचे फोटो, आणि ते अकराही फोटो अक्षदाच्या फोटोपेक्षा मोठे.

तिच्या वडिलांची, कोंडाजींची, छाती तेव्हा शर्टात मावत नव्हती. त्यांनी तरुणपणी मुंबईत बारा वर्षं गोदीत काढली, मग परत येऊन भात आणि नाचणी केली. त्यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: पोरगी कायम व्हावी. प्राध्यापकीसाठी लागणारी सेट परीक्षा अक्षदाची दोनदा थोडक्यात हुकली होती, म्हणजे कायम होण्याला आता एकच वाट, पीएचडी. आणि संस्थेच्या लोकांनी सांगूनच ठेवलं होतं: "मार्चअखेर प्रबंध टाका, दिवाळीपर्यंत तोंडी परीक्षा होईल, डिसेंबरला जाहिरात काढतो. दहा वर्षांत एक जागा आलीय, पुन्हा कधी येईल सांगता येत नाही." कोंडाजी चहाच्या टपरीवर सांगत सुटले होते, "आमची अक्षू डिशेंबरला कायम."

फेब्रुवारीत प्रबंध बांधायला जायचा तेवढा बाकी राहिला, आणि सत्तावीस तारखेला, मराठी भाषा दिनाला, कॉलेजात जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरलं. अक्षदाची आई तुळजाबाई त्या दिवशी डोळे तपासायला महाडात आली होती. लेकीचा तास संपेस्तोवर वेळ होता म्हणून ती प्रदर्शनात शिरली. पायली, इरलं, जातं बघत बघत ती एका टेबलाशी थांबली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. अक्षदा धावत आली.

"काय झालं गो, आये?"

"ह्ये बघ काय लिवलंय, वाच."

टेबलावर वीतभर लाकडाचा एक वाकडा तुकडा होता, मधून घासून गुळगुळीत झालेला, दोरी ओवायला भोक. पुढे कार्डावर वळणदार अक्षरात: 'आकडा. झाडावरील फळे ओढून तोडण्याचे अवजार.'

"अगो ही आकडी हाय! कमरेला बांदायची न् तिच्यात कोयती अडकवायची. राबाला फांद्या तोडाया जाताना दोन्ही हात मोकळे नको? ही कापनार कशी? धार कुठं हाय तिला?"

मराठीचे सर सोलापूरकडचे, माणूस मोकळा. ते म्हणाले, "मावशी, वळलेला आकार बघितला, वाटलं फळं ओढायलाच असणार. चुकलं बघा." त्यांनी खिशातून पेन काढून लगेच कार्ड दुरुस्त केलं. अक्षदा सगळ्यात जास्त हसली. आईला एसटीत बसवून दिलं, प्रयोगशाळेतून स्वतःची वही आणायला परत वर आली, वही घेतली, आणि तिला एकदम आपल्या त्या लांब बसलेल्या हिस्टिडीनची आठवण झाली. तिला हसू येईना.

तिनं स्वतःची समजूत घातली. आपण काय नुसत्या आकारावर थोडंच सांगतोय, चाचणी केलीय आपण. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं वॉटरबाथ लावला. या वेळी पाच नळ्या प्रोटीनच्या घेतल्या आणि सहाव्या भोकात ब्लँक ठेवली, गरम पाण्यात. अर्ध्या तासानं झाकण उघडलं. सहाही नळ्या सारख्याच पिवळ्या. ज्या नळीत प्रोटीनचा थेंब नव्हता तीसुद्धा.

तो पदार्थ नुसत्या उष्णतेनंच तुटत होता. प्रोटीन काहीएक करत नव्हतं.

अक्षदा स्टुलावर बसली. मग पुन्हा केलं. मग तिसऱ्यांदा, नवीन द्रावण बनवून. तेच. तिला इतकी लाज वाटली की नळ्या धुताना तिनं मागं वळून बघितलं, कुणी पाहत तर नाही ना. बेसिनमध्ये सगळं ओतून टाकलं आणि तिनं कुणाला काही सांगितलं नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, तब्बल तीन आठवडे. प्रबंध तयार होता. सह्यांची पानं छापलेली होती. ब्लँक कुठं ठेवली होती हे तिच्याशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं. या तीन आठवड्यांत तिनं काय काय विचार केला असेल तो केला असेल. ती काही देवमाणूस नव्हे.

वीस मार्चला डॉ. आम्रपाली दरवर्षी आईला घेऊन चवदार तळ्यावर येतात. त्या दिवशी महाडात पाय ठेवायला जागा नसते. लोक लांबलांबून येतात, पुस्तकांचे स्टॉल लागतात, पाण्याच्या टाक्या भरलेल्या असतात. मॅडम आईला सावलीत बसवून पुस्तकं बघत होत्या. अक्षदा जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. सहा भोकं, सातवी नळी, तीन आठवडे, सगळं.

मॅडमनी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. "तो फोटो मीही बघितला होता. ब्लँक कुठं आहे हे मीही विचारलं नाही." मग म्हणाल्या, "तुझ्यापुढे दोन वाटा आहेत, दोन्ही सांगते. चाचणीचं पान काढून टाक. आकार खराच आहे, तो कुणी हिरावून घेत नाही. आणि नावापुढे लिही, 'बहुधा लायपेज'. सगळं जग तेच लिहितं, अक्षदा. अशी हजारो प्रोटीनं आहेत 'बहुधा'वाली. परीक्षक एक शब्द विचारणार नाहीत. एकतीसला टाक, दिवाळीला डॉक्टर होशील."

"आणि दुसरी?"

"मी एक वर्षाची मुदतवाढ मागते. शेवटची. पहिल्यापासून सगळं तपासायचं."

"आणि जागा?"

"जागा जाईल."

अक्षदाला 'बहुधा' हवा होता. फार हवा होता. तो खोटा शब्दही नव्हता. कुणी न्यायालयात खेचलं असतं तरी टिकला असता. तिच्या डोळ्यांपुढे टपरीवर बसलेले बाबा आले. तिनं तोंड उघडलं ते 'चालेल' म्हणायलाच. पण बाहेर पडलं भलतंच.

"मॅडम, माहीत नव्हतं तोवर 'बहुधा' चाललं असतं. आता मला माहीत आहे."

मॅडम म्हणाल्या, "मग मुदतवाढीचा अर्ज उद्याच पाठव." आणि त्या आईला पाणी आणायला गेल्या. शाबासकी वगैरे काही दिली नाही.

घरी सांगितलं तेव्हा कोंडाजी भाकरी खात होते. दोनदा सांगावं लागलं. मग त्यांनी विचारलं, "म्हंजे येक शबुद लिवायचा व्हता?"

"हो."

"न् तो लबाडीचा नव्हता?"

"लबाडीचा नाय, पन..."

"पन काय गो? येक शबुद लिवता आला नाय तुला?" ताट तसंच सारून ते उठले. त्या दिवसापासून त्यांनी अक्षदाशी बोलणं टाकलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. घरात तीन माणसं, आणि कोंडाजी अंगणातून तुळजाबाईला सांगत, "तिला म्हनावं, गाडी आली." अक्षदा चार हातांवरच उभी असायची. टपरीवर जायचंही त्यांनी बंद केलं. फाट्यावरच्या फ्लेक्सबद्दल अक्षदानं राजेशला फोन केला, तर तो म्हणाला, "राहू दे ना यार, कोण वाचतंय?" शेवटी वाऱ्यानंच तो फाडला.

वर्षभर ती शनिवार-रविवार पुण्याला जात राहिली. घाट पावसाळ्यात बंद झाला तेव्हा लांबच्या वाटेनं गेली. खोबणीतली ती शेपूट तिनं आता नीट तपासून घेतली, आणि ती स्फटिकाच्या रसायनाची निघालीच नाही. ती होती सोळा कार्बनांची साखळी, फॅटी अॅसिड, चरबीचाच तुकडा. अक्षदानं तो कधीच घातला नव्हता. ज्या जिवाणूच्या पोटात हे प्रोटीन बनवून घेतलं होतं, तिथूनच ते तो घेऊन आलं होतं, आणि इतक्या धुण्या-गाळण्यांतही त्यानं तो सोडला नव्हता. तिनं तो काढून घेतला, पुन्हा दिला. प्रोटीननं पुन्हा धरला. निरनिराळ्या आठ चरब्या देऊन बघितल्या, आत-बाहेर दोन्हीकडे ब्लँक ठेवून. एकही तुटली नाही. हे प्रोटीन काही तोडत नव्हतं, धरत होतं.

डिसेंबरात जाहिरात आली. जागा सेजलला मिळाली. सेजल अक्षदाचीच विद्यार्थिनी, पाच वर्षांमागं पहिल्या बाकावर बसायची, सेट पहिल्या फटक्यात पास झालेली. मुलगी गुणी, तिच्यात खोट काढायला जागा नाही, हीच तर पंचाईत. ती पेढे घेऊन आली आणि अक्षदाच्या पायाच पडली. अक्षदानं पेढा खाल्ला. मग प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

प्रबंध तिनं मार्चमध्ये दिला आणि पुढच्या जानेवारीत पुण्यात तोंडी परीक्षा ठरली. ती खुली असते, कुणीही येऊन बसावं. तुळजाबाईनं येणारच म्हणून सांगितलं. पहाटे दोघी एसटीच्या थांब्यावर पोचल्या तर कोंडाजी इस्त्रीचा शर्ट आणि टोपी घालून तिथं आधीच उभे होते. गाडीत ते बायकोच्या पलीकडे बसले, खिडकीतून घाट बघत.

परीक्षक नागपूरहून आलेले, पिकल्या केसांचे, चेहऱ्यावरची सुरकुती हलेल तर शपथ. दीड तास सगळं इंग्रजीत चाललं. कोंडाजी शेवटच्या रांगेत ताठ बसून पडद्यावरच्या रंगीत गुंडाळ्या बघत होते. शेवटी परीक्षकांनी चष्मा काढला, मागं नजर टाकली आणि म्हणाले, "घरची मंडळी आलेली दिसतात. शेवटचा प्रश्न मराठीतच विचारतो, त्यांनाही कळू दे. तर, हे प्रोटीन चरबीचा तुकडा धरून ठेवतं, हे तुम्ही दाखवलंत. पण धरून ते तो नेतं कुठे? देतं कुणाला?"

अक्षदा म्हणाली, "माहीत नाही, सर."

"अंदाजसुद्धा नाही?"

"अंदाज दोन आहेत. पण दाखवता येत नाहीत. म्हणून लिहिले नाहीत. माहीत नाही."

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कोंडाजी उभे राहिले होते. टोपी हातात.

"सायेब, तिला म्हायती हाय."

"बाबा!" अक्षदा कासावीस झाली. "बसा ना. परीक्षा चाललीय."

"तू गप बस गो," कोंडाजी म्हणाले. पावणेदोन वर्षांनी ते तिच्याशी बोलले ते हे. "सायेब, सात वरसं ही पोरगी त्याच्या मागं हाय. वाडीत दिवाळी झाली, शिमगा झाला, ही हितं. हातची नोकरी गेली तिची ह्याच्यापायी. तिला ठाव नाय असं व्हनार नाय. भ्याली हाय जरा. पानी द्या तिला, दोन मिन्टं थांबा, सांगंल ती."

परीक्षकांनी चष्मा परत लावला. "काका, तिलाच काय, हे जगात कुणालाच माहीत नाही."

"तुमालाबी नाय?"

"मलाही नाही."

कोंडाजींनी जरा विचार केला. "मंग तिला कशापायी नापास करता?"

"नापास कोण करतंय? पास झाली ती."

"नाय ठाव म्हनली, म्हनून पास?"

"हो," परीक्षक म्हणाले. "म्हणूनच."

कोंडाजी उभेच राहिले, एकदा साहेबांकडे बघत, एकदा लेकीकडे. मॅडमनी सह्यांचं पान पुढं सरकवलं. अक्षदाला समोरचं दिसेनासं झालं. ती तिथंच, सगळ्या खोलीसमोर, ओढणी तोंडात धरून हुंदके देऊन रडायला लागली. आणि कोंडाजी खाली बसता बसता तुळजाबाईला विचारत होते, "आता का रडते गो ही?"